गुलाबी बोंडअळी : दर लेव्हलला परत येणारा किडा

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. पण ज्यांच्या वावरात पऱ्हाटी आहे, ज्यांचं कृषी केंद्र आहे किंवा ज्यांच्या घरचं कोणी जिनिंगमध्ये कामाला जातं, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावी. आणि आपल्या नेर तालुक्यात या तिन्हीतलं एकही लागू नाही असं घर शोधूनच काढावं लागेल.

सुरुवात जरा वेगळ्या ठिकाणाहून करतो. पोरं कॉम्प्युटरवर जे गेम खेळतात त्यात 'फायनल फँटसी' नावाची एक जपानी मालिका आहे. १९८७ पासून तिचे भागावर भाग निघत आहेत. वाळूत खड्डा करून दबा धरून बसणारा एक मोठा किडा त्यात आहे. एका भागात मारला तरी पुढच्या कुठल्यातरी भागात तो पुन्हा हजर, कधी जास्त ताकद घेऊन. मग खेळणाऱ्यानं नवी तलवार मिळवायची, नवा मंत्र शिकायचा आणि पुन्हा भिडायचं. पोरं हे सांगत होती आणि मला आपली गुलाबी बोंडअळी दिसत होती. कोणी तिला शेंदरी म्हणतं, कोणी गुलाबी, किडा एकच. फरक एवढाच की गेममध्ये खेळणारा मेला तर बटण दाबून पुन्हा सुरू करता येतं. २०१७ च्या हंगामात फवारणी करताना आपल्या जिल्ह्यातले जे गेले, त्यांच्या घरी असं बटण नव्हतं.

म्हणून या किड्याचा इतिहास लिहायला घेतला. बोंडअळी आली की आपण बियाण्याला, दुकानदाराला, पावसाला, सरकारला शिव्या देतो. काही शिव्या योग्यही असतात. पण हा किडा जगतो कसा, फिरला कुठं कुठं, आणि एका देशातून तो संपला कसा, हे सलग कोणी सांगत नाही.

कागदावर त्याची पहिली नोंद आपल्याच देशातली आहे. १८४२ मध्ये गुजरातेत भडोचला सरकारी कापूसमळ्यात बोंडं आतून पोखरलेली सापडली. त्यातले नमुने इंग्लंडला गेले आणि १८४३ मध्ये सॉन्डर्स नावाच्या कीटक-अभ्यासकानं त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. त्या काळात इंग्रजांना आपल्याकडं अमेरिकेसारखा लांब धाग्याचा कापूस पिकवायचा होता. त्या खटाटोपातच हा किडा साहेबाच्या नजरेला पडला.

पुढं दहा वर्षांनी, १८५३ मध्ये, निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांना मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. रेल्वे आली, जिनिंग-प्रेसिंग आले, कापसाचे बाजार उभे राहिले. आपला जिल्हा तेव्हा 'वणी जिल्हा' म्हणून ओळखला जायचा, यवतमाळ हे नाव १९०५ मध्ये लागलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यवतमाळहून दारव्ह्यावरून मूर्तिजापूरला जाणारी छोटी गाडी, आपली शकुंतला, सुरू झाली, तीही मुख्यतः कापसाच्या गाठींसाठीच. म्हणजे आपल्या भागाचं नशीब या एका पिकाला बांधून आता दीडशे वर्षं झाली.

पण जुन्या लोकांच्या बोलण्यात गुलाबी अळीची दहशत फारशी येत नाही. कारण तेव्हाचा कापूस देशी होता आणि कोरडवाहू होता. मृगाच्या पावसावर पेरा, दिवाळीच्या आगेमागे सीतादही करून वेचणी सुरू, थंडी संपेपर्यंत वावर मोकळं. विहिरीवर मोटर नव्हती, मग पऱ्हाटीला उन्हाळ्यात पाणी कोण देणार? पावसाळा संपला की पीक आपोआप आटोपायचं. अळीला पुढं खायला काही राहायचं नाही.

ही गोष्ट नीट समजून घ्या, पुढचं सगळं हिच्यावर उभं आहे. गुलाबी बोंडअळी हिरव्या अळीसारखी शंभर पिकांवर जगत नाही. हिरवी अळी तुरीवर जाते, हरभऱ्यावर जाते, टमाट्यावर जाते. गुलाबीचं खरं अन्न म्हणजे कपाशीच. भेंडी, अंबाडी अशा कपाशीच्या भावकीत थोडंफार भागवते, बस. कपाशी संपली की ती उपाशी. मग ती काय करते? सरकीत शिरते, कधी दोन सरक्या एकमेकींना चिकटवून मधे बसते, आणि झोपी जाते. जमिनीवर पडलेल्या बोंडात, जिनिंगच्या सरकीच्या ढिगात, आणि घरामागं चुलीसाठी रचून ठेवलेल्या पऱ्हाट्यांच्या नखाएवढ्या सुकल्या बोंडांत ती महिनोन्‌महिने निजून राहते. पाऊस आला, नवी कपाशी पात्या-फुलावर आली, की पतंग होऊन बाहेर.

अशीच निजून तिनं समुद्र ओलांडला. १९०६-०७ च्या सुमारास ती भारतातून गेलेल्या सरकी-कापसासोबत इजिप्तमध्ये पोचली. १९११ मध्ये इजिप्तच्या बियाण्यासोबत मेक्सिकोत, आणि १९१७ मध्ये अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या हर्न या गावी सापडली. पासपोर्ट नाही, व्हिसा नाही, सरकीच्या दाण्यात बसून जगप्रवास!

टेक्साससारख्या ठिकाणी तेव्हा कायदे झाले : अमुक पट्ट्यात काही काळ कापूस लावायचा नाही, हंगाम संपला की झाडं नष्ट करायची. आपल्याकडंही हे डोकं कोणाला सुचलं नव्हतं असं नाही. मद्रास प्रांतानं १९१९ मध्ये पिकांच्या किडी-रोगांचा कायदा केला आणि कोइमतूरकडं कंबोडिया कापसाची झाडं ठरल्या तारखेच्या आत उपटायची सक्ती केली. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच माणसाला कळलं होतं की या किड्याला मारण्याआधी उपाशी ठेवावं लागतं.

मग आपण ते विसरलो कसे? एका दिवसात नाही. एकेक नवं हत्यार येत गेलं आणि हे जुनं शहाणपण मागं पडत गेलं.

१९७० मध्ये सुरतच्या केंद्रावर डॉ. सी. टी. पटेल यांनी एच-४ हा संकरित कापूस काढला, व्यापारी लागवडीसाठीचा जगातला पहिला. उत्पन्न वाढलं, धागा लांब झाला. सोबत खत, पाणी आणि फवारणी वाढली, आणि पीक वावरात जास्त दिवस उभं राहू लागलं. १९७२ मध्ये राज्याची एकाधिकार कापूस खरेदी योजना आली, कापसाला हमखास गिऱ्हाईक मिळालं. विहिरींवर मोटरी बसल्या. आणि मग पहिली वेचणी झाल्यावर पाणी देऊन पुन्हा बोंडं धरायची, म्हणजे फरदड घ्यायची, ही सवय पक्की झाली.

१९८० च्या दशकात सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली औषधं आली. सुरुवातीला एका फवारणीत वावर साफ. पाच-सात वर्षांत हिरव्या अळीनं ती पचवली. १९८७ मध्ये आंध्रात कापूस बुडाला, १९९७-९८ मध्ये तिथं आणि आपल्या विदर्भात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या येऊ लागल्या. एका हंगामात पंधरा-वीस फवारण्या करणारे लोक त्या काळात आपल्या शिवारात होते.

मग आलं बीटी. २००१ मध्ये गुजरातेत विनापरवाना बीटी कापूस सापडला आणि २६ मार्च २००२ रोजी केंद्राच्या समितीनं जालन्याच्या महिकोच्या तीन वाणांना परवानगी दिली. कापसाच्या झाडातच अळीचं विष. पहिली काही वर्षं फवारण्या खरंच कमी झाल्या, उत्पन्न वाढलं, हे नाकारून चालणार नाही. माझ्या ओळखीत पत्र्याचं घर पाडून स्लॅब टाकलेले लोक आहेत, तो स्लॅब बीटीच्या पहिल्या वर्षांतला आहे. २००६ मध्ये दोन जनुकांचं बोलगार्ड-२ आलं.

बियाण्याच्या पाकिटासोबत तेव्हा एक छोटी पुडी यायची. बीटी ४५० ग्रॅम आणि साधं, बिगर-बीटी बियाणं १२० ग्रॅम. ती पुडी धुऱ्याच्या कडेनं लावायची होती. कशासाठी? बीटी खाऊनही जगलेल्या एखाद्या अळीचा पतंग झाला, तर त्याची जोडी तसल्याच पतंगाशी जमू नये, साध्या कपाशीवर वाढलेल्या बीटीला बळी पडणाऱ्या पतंगाशी जमावी, म्हणजे पुढची पिढी बीटीला पुन्हा बळी पडेल. हिशोब पक्का होता. पण चार-पाच एकरवाल्याला तुम्ही सांगता की तुझ्या जमिनीचा एक तुकडा अळीला खायला सोड, आणि का सोडायचा ते समजावून सांगायला बांधावर कोणी जात नाही. मग त्या पुड्यांचं काय झालं ते नेरच्या प्रत्येक कास्तकाराला माहीत आहे. मी लिहायची गरज नाही.

२०१० मध्ये गुजरातच्या काही जिल्ह्यांत गुलाबी अळीनं पहिलं बीटी पचवल्याचं खुद्द कंपनीनंच जाहीर केलं. पुढच्या पाच वर्षांत तिथंच दुसऱ्या बीटीवरही ती दिसू लागली. नागपूरला केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, १९७६ पासूनची. तिथले शास्त्रज्ञ सांगत होते की कमी दिवसांचे वाण आणा, हंगाम लवकर संपवा. पण बाजारात होते शेकडो संकरित वाण, बहुतेक लांब मुदतीचे. संकरित बियाणं दरवर्षी नवं विकत घ्यावं लागतं. शेतकऱ्यानं घरी राखून ठेवलेल्या सरळ वाणावर कोणाचं दुकान चालणार?

आणि मग २०१७. तो हंगाम आठवून अजून अंगावर काटा येतो. सुरुवातीला पऱ्हाटी माणसाच्या डोक्याएवढी झाली होती. रसशोषक किडी, अळ्या, सगळ्यांसाठी लोक दोन-दोन तीन-तीन औषधं एकत्र करून फवारत होते. बॅटरीवाले जोरदार पंप, वर ऊन, खाली दमट हवा, उंच पिकात फवारा तोंडावर उलटायचा. तोंडाला फार तर दुपट्टा. ऑगस्टपासून यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात विषबाधेचे रुग्ण भरती होऊ लागले. शेकडो लोक भरती झाले, कोणाची नजर गेली, आणि जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी-मजूर दगावले. दगावलेल्यांत दुसऱ्याच्या वावरात रोजीनं फवारायला गेलेले मजूर होते. कापूस त्यांचा नव्हता, अळीही त्यांची नव्हती.

एवढं करूनही दिवाळीनंतर बोंडं फोडली तर आत गुलाबी अळी! कारण अंड्यातून निघाल्यावर ती थोड्याच वेळात बोंडात शिरते आणि छिद्र मागून बुजून जातं. वरून कितीही फवारा, आत काही पोचत नाही. कवडी कापूस वेचायला बाया येईनात, काहींनी उभ्या पिकात जनावरं सोडली, काहींनी ट्रॅक्टर घातला. डिसेंबरात नागपूर अधिवेशनात मदत जाहीर झाली, कोरडवाहूला हेक्टरी ३०,८०० आणि बागायतीला ३७,५०० रुपये. हा आकडा तीन खिशांचा मिळून होता : आपत्ती निधी, पीकविमा आणि बियाणे कंपन्या. कोणत्या खिशातून खरंच किती आलं, ते आपापलं पासबुक काढून बघा.

आता जगाच्या दुसऱ्या टोकाला बघू. आपल्या त्या काळ्या हंगामाच्या पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०१८ मध्ये, अमेरिकेनं जाहीर केलं की त्यांच्या कापूस पिकवणाऱ्या भागातून गुलाबी बोंडअळीचं उच्चाटन झालं आहे. १९१७ ला आलेला किडा, शंभर वर्षांनी संपला.

कोणी म्हणेल त्यांच्याकडं काहीतरी भारी औषध असेल. नाही मंडळी. बीटी तेच होतं, १९९६ पासून लावत होते. पण त्यांनी ते एकट्यावर सोडलं नाही. सोबत कामगंध सापळे लावले, प्रयोगशाळेत वाढवलेले वांझ पतंग विमानातून सोडले, आणि ठरल्या तारखेच्या आत पऱ्हाटी जमिनीत गाडायची हा नियम पाळला. त्या कार्यक्रमात शेतकऱ्यांची स्वतःची वर्गणी होती. एका शेतापुरतं नाही, अख्ख्या पट्ट्यात एकदम केलं. त्यांची शेतं मोठी, शेतकरी थोडे, सरकारचा पैसा मोठा, हे सगळं खरं. आपली बरोबरी नाही. पण वांझ पतंग आणि विमान सोडलं, तर तारखेचं काम आपल्यालाही जमण्यासारखं आहे.

मला या इतिहासातून एकच गोष्ट दिसते. दर वेळी आपण नवीन तलवार विकत घेतली, आणि दर वेळी किडा ती पचवून पुढच्या लेव्हलला हजर झाला. पण उपासमार पचवणं त्याला अजून जमलेलं नाही. आणि उपासमार बाटलीत मिळत नाही, म्हणून ती कोणी विकत नाही, तिची जाहिरातही येत नाही.

आता अडचण. मागच्या हिवाळ्यात एका काकाजींशी याच विषयावर बोलत होतो. ते म्हणाले, "मी एकट्यानं पऱ्हाटी उपटून काय फायदा होते बाप्पा? धुऱ्यापलीकडची तं उभीच हाये ना! अन् मार्चात पोरीच्या कॉलेजची फी भराची हाये, ते दोन क्विंटल फरदड मले कोन देईन?"

या प्रश्नाला उत्तर न देता जो कोणी "फरदड घेऊ नका" असा बॅनर लावतो, तो फुकटचं ज्ञान सांगतो. काकाजी शंभर टक्के बरोबर आहेत. फरदड हा त्यांचा हव्यास नाही, तो त्यांचा मार्चचा पगार आहे. आणि एकट्यानं उपटून खरंच उपयोग नाही, पतंग धुरा ओळखत नाही.

म्हणून हा प्रश्न शेतकऱ्याचा एकट्याचा नाही, गावाचा आहे, म्हणजेच सार्वजनिक आहे. पाण्याची टाकी जशी घरोघरी बांधत नाहीत, तशी बोंडअळीही घरोघरी संपत नाही. अलीकडं शासनानं बियाण्याची विक्री लवकर सुरू होऊ नये म्हणून आदेश काढले, म्हणजे पेरणी लवकर होऊन अळीला आयतं अन्न मिळू नये. चांगली गोष्ट आहे. पण हंगामाचं पुढचं दार लावलं आणि मागचं उघडंच ठेवलं तर काय होणार?

माझ्या डोक्यात आहे ते मांडतो, चुकत असेल तर कमेंटमध्ये बोला.

एक, प्रत्येक ग्रामपंचायतीनं ग्रामसभेत कपाशी संपवायची तारीख ठरवावी. डिसेंबर अखेर म्हणा, फार तर जानेवारीचा पहिला आठवडा. कागदावर ठराव, आणि शिवारातली शेवटची पऱ्हाटी निघेपर्यंत पाठपुरावा.

दोन, जो फरदड सोडेल त्याला त्याच वावरात हरभऱ्याचं किंवा दुसऱ्या पिकाचं बियाणं आणि पऱ्हाटी कुट्टी करायला श्रेडर मिळावा. नुकसान झाल्यावर हेक्टरी हजारो रुपये जाहीर करण्यापेक्षा हे स्वस्त पडेल. आपले आमदार, जिल्हा परिषद सदस्य मत मागायला येतील तेव्हा हा एक प्रश्न विचारा.

तीन, जिनिंगवाल्यांनी आवारात कामगंध सापळे लावावे आणि सरकीचे ढीग पावसाळ्यापर्यंत ठेवू नयेत. आपणही घरामागचा पऱ्हाटीचा ढीग उन्हाळ्यातच संपवावा. चुलीला लागतो हे मान्य, पण बोंडं झोडून जाळून तरी टाकावी.

चार, एकरी दोन कामगंध सापळे. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग सापडले, किंवा शंभरातल्या दहा फुला-बोंडांत अळी दिसली, तरच फवारणी. न उमललेली डोमकळी दिसली की तोडून नष्ट करायची. आणि फवारणीला मजूर लावला तर मास्क, हातमोजे, चष्मा देणं ही मालकाची जबाबदारी. औषधं एकमेकांत मिसळायची नाहीत. २०१७ मध्ये ज्यांनी घरचा माणूस गमावला त्यांच्यासमोर आपण एवढं तरी देणं लागतो.

यातलं एकही काम नवीन नाही. कृषी विभागाच्या पत्रकात यातलं बरंच छापलेलं असतं. नवीन एवढंच लागेल की एका गावानं सगळ्यांनी मिळून, एकाच तारखेला करून दाखवावं. एका गावानं केलं तर त्या वर्षी फार फरक दिसणार नाही, शेजारच्या शिवारातून पतंग येतीलच. चार-पाच गावं लागून-लागून मिळाली तर दिसेल. लाडखेडच्या बाजूनं असो की अमरावती रोडच्या बाजूनं, कोणतीही चार गावं.

यंदाच्या ग्रामसभेत हा विषय घ्यायला तुमच्या गावातून कोण तयार आहे? नुसता अंगठा दाखवू नका, गावाचं नाव लिहा. आणि पोस्ट पटली असेल तर गावच्या ग्रुपवर टाका, जिथं सकाळी सकाळी गुड मॉर्निंगची फुलं येतात तिथं.